पालक येत नाहीत, पोरं बोलत नाहीत? आधी या चुका टाळा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. मग पहिल्या दिवसापासून सगळ्यांना अभ्यासक्रमाची घाई. नवीन शिक्षक तर पहिल्याच तासाला फळ्यावर धडा पहिला लिहून मोकळे होतात. पोळ्यापर्यंत तक्रारी सुरू होतात: पोरं ऐकत नाहीत, पालक फिरकत नाहीत. नागपुरातल्या वस्तीतल्या शाळांमध्ये हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता लिहूनच ठेवते.

पालकांना पहिला निरोप तक्रारीचा

या एका चुकीनं वर्षभराचं नुकसान होतं. "उद्या बाबांना घेऊन ये, त्याशिवाय वर्गात बसू नको." हे वाक्य ज्या शिक्षकाच्या तोंडी बसलं, त्याच्या वर्गात पालक येणारच नाहीत.

आमच्याकडे चौथीत एक मुलगा होता. त्याचा गृहपाठ कधीच पूर्ण नसायचा. वर्गशिक्षक नवीन होते, मेहनती होते, पण धीर अजिबात नव्हता. त्यांनी वडिलांना बोलावलं. वडील कळमन्याच्या बाजारात हमाल. पहाटे अंधारात घरून निघायचे. त्या दिवशी मजुरी बुडवून ते शाळेत आले आणि सगळ्या वर्गासमोर त्यांना ऐकवण्यात आलं, की तुमचं लक्ष नाही, पोरगा वाया चालला आहे. माणूस खाली मान घालून ऐकत राहिला. घरी गेल्यावर पोराला मार बसला. दुसऱ्या दिवसापासून पोरगा शाळेत नाही.

चार-सहा दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. एकच खोली. आई दोन घरी स्वयंपाकाला जायची. ती परत येईपर्यंत धाकटी बहीण याच्या अंगावर. ती वही ओढायची, पानं फाडायची. आईनं ती पानं जाड दोऱ्यानं टाके घालून पुन्हा शिवून दिली होती. ती वही मी हातात घेऊन पाहिली. टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी गणितं होती, अर्धी का होईना, पण होती. ज्या घराला "लक्ष नाही" म्हणून सुनावलं, त्या घरातली ही वही.

मी त्याच्या आईला एवढंच म्हटलं, "ताई, पोरगा बहिणीला सांभाळून अभ्यास करून राहिला, हे आम्हाला माहीतच नव्हतं. उद्या पाठवा त्याला." नंतर त्याचा गृहपाठ शाळा सुटायच्या आधीच्या तासात वर्गातच करून घ्यायचं ठरलं. वडील पुढच्या सभेला आपणहून आले, मागच्या बाकावर बसले आणि बोललेही.

माझी सवय सांगते. शाळा उघडल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येक घरी एक चांगली बातमी पोचवायची. खोटं कौतुक अजिबात नको, ते पालकांना लगेच कळतं. "आज तुमच्या पोरीनं नवीन मुलीला डब्यातलं दिलं," इतकं पुरतं. तक्रार करायची वेळ आली तर एकट्यात, बसवून, आणि पहिला प्रश्न "घरी कसं चाललंय?" हा. याला वेळ लागतो. वेळ लागतो म्हणूनच बहुतेक जण टाळतात आणि नंतर वर्षभर त्याच्या दसपट वेळ भांडणात घालवतात.

व्हॉट्सॲप ग्रुप केला म्हणजे पालक जोडले गेले, असं समजणं

हा आळस आहे, आणि मला त्याचा खरोखर राग येतो. ग्रुपवर पीडीएफ टाकायची, निळ्या खुणा मोजायच्या आणि अहवालात "पालक सहभाग" लिहून द्यायचा. घरात चांगला फोन एकच असतो आणि तो हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कंपनीत वडिलांसोबत शिफ्टला गेलेला असतो. तो घरी येतो तेव्हा लेकरू झोपलेलं असतं. आईला निरोप कळतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी रंगीत कागद आणला नाही म्हणून पोर उभं राहतं.

निरोप अर्ध्या मिनिटाचा, स्वतःच्या आवाजात, घरात बोलतात तशा भाषेत पाठवा. आणि तोच निरोप मुलाच्या हातानं वहीत लिहून घ्या. मुलानं तो आईला वाचून दाखवायचा. वाचनाचा सरावही होतो आणि आईला शाळेत काय चाललंय तेही कळतं. ज्या आईला वाचता येत नाही, तिच्यासाठी तर हीच पद्धत सगळ्यात चांगली.

मुलाची बोली सगळ्यांसमोर दुरुस्त करणं

पोरगी सांगते, "मॅडम, मी लिहून राहिली." मॅडम मध्येच तोडतात, "'लिहिते आहे' म्हण." पोरगी गप्प. पुढच्या वेळी हात वर होत नाही. वर्गात वऱ्हाडी असते, हिंदी असते, कामासाठी आलेल्या घरांतली छत्तीसगढी असते, गोंडी असते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. मग ती घरची भाषा वर्गात आली तर तिला दारातच का अडवायचं? मुलाचं म्हणणं पूर्ण होऊ द्या. उत्तर देताना तुम्ही प्रमाण भाषेत बोला, ते कानावर पडत राहतं.

सभा सकाळी अकराला

रोजंदारीवाल्या घराला अकराची सभा म्हणजे एका दिवसाची मजुरी. सभा संध्याकाळी घ्या, अर्ध्या तासात संपवा. भाषणं नकोत.

बाजारातून आणलेला नियमांचा तक्ता

उपयोग शून्य. पहिल्या आठवड्यात मुलांना विचारून चार नियम ठरवा, त्यांच्याच अक्षरात लिहून लावा. मोडले गेले की मुलंच बोट दाखवतात.

मार्क मोठ्यानं वाचून दाखवणं, नापास मुलाला उभं करणं

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 फक्त छडीला मनाई करत नाही, मानसिक छळालाही करते. "थोडी लाज वाटली की सुधारतात" हे मी पटवून घेणार नाही. लाज वाटलेलं पोर शाळेतून पळतं.

फक्त आईलाच बोलावणं

वडील येत नाहीत, असं आपणच धरून चालतो. तान्हा पोळा शाळेत भरवा आणि बघा. लाकडी नंदी सजवायला बाप मंडळी हौसेनं येतात, पोराला खांद्यावर घेऊन येतात. गप्पा मारायला याहून चांगला दिवस नाही. त्या दिवशी प्रगतिपुस्तक मात्र काढू नका.

शाळा व्यवस्थापन समिती रजिस्टरपुरती ठेवणं

2009च्या त्याच शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असं ठरवून दिलं आहे. शाळेचा विकास आराखडा बनवणं आणि अनुदान कुठं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं ही या पालकांची कामं आहेत. पण बऱ्याच ठिकाणी घरी रजिस्टर पाठवून सह्या आणतात. सदस्य आईला विचारलं तर तिला आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं. एक तरी बैठक पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह आणि पोषण आहार प्रत्यक्ष दाखवत, शाळेत फिरत घ्या. खिचडी शिजते तिथं उभं राहिल्यावर आया बोलायला लागतात, आणि डाळीत काय कमी आहे ते आपल्यापेक्षा त्यांना चांगलं कळतं. त्या जे सांगतील ते त्यांच्यासमोरच रजिस्टरमध्ये लिहा, वाचून दाखवा आणि मग सही घ्या. पुढच्या बैठकीची सुरुवात त्यातलं काय झालं, काय राहिलं, हे सांगून करा.