मूत्रपिंडाचा रिपोर्ट कसा वाचावा

मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या आकड्यापुढे धोक्याची खूण दिसली नाही, की बहुतेक जण रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून देतात. तशी घाई करू नये, कारण एकट्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांच्या कामाचा पुरता अंदाज येत नाही. रिपोर्ट नीट वाचायचा असेल, तर रक्त गाळले कसे जाते हे आधी समजून घ्यावे लागते.

विश्रांतीच्या वेळीही दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त दोन्ही मूत्रपिंडांतून फिरते. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक सूक्ष्म गुच्छ असतो. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांतून रक्त पुढे शिरांमध्ये जाते. येथे मात्र रक्त आणणारी धमनिका (बारीक धमनी) असते तशी ते पुढे नेणारीही धमनिकाच असते. या दोन्ही धमनिका आकुंचन पावू शकतात, त्यामुळे गुच्छातील दाब चढा राहतो आणि त्या दाबानेच रक्तातील पाणी भिंतीपलीकडे ढकलले जाते. ही भिंत तीन थरांची असते. तिच्यातून पाणी, क्षार, साखर, युरिया आणि क्रिएटिनिन सहज पार होतात, परंतु रक्तपेशी अडतात. अल्ब्युमिन हे प्रथिनही जवळजवळ सगळे अडते. त्याला त्याचा आकार जसा कारणीभूत असतो, तसाच भिंतीवरचा ऋण विद्युतभारही, कारण अल्ब्युमिनवर तोच भार असल्याने ते मागे लोटले जाते.

अशा रीतीने दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, असतो जेमतेम ३ लिटर, म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसातून साठएक वेळा गाळणीखालून जातो. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते, कारण पुढच्या नलिका ९९ टक्के पाणी, निरोगी माणसाच्या बाबतीत जवळजवळ सगळी साखर आणि गरजेपुरते क्षार परत घेतात. आधी जवळपास सगळेच बाहेर काढायचे आणि मग हवे ते वेचून घ्यायचे, ही पद्धत वरवर उधळपट्टीची वाटते. पण तिच्यामुळेच शरीराला कधीही न भेटलेला एखादा विषारी पदार्थसुद्धा ओळख पटण्याची वाट न पाहता बाहेर टाकता येतो.

आता रिपोर्टकडे वळू. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये रोज जवळपास सारख्याच प्रमाणात तयार होते. गाळण मंदावली की ते रक्तात साचते, म्हणून त्याची पातळी हा गाळणीचा अप्रत्यक्ष माग असतो. अडचण अशी, की ज्याचे स्नायू अधिक त्याचे क्रिएटिनिनही अधिक. यासाठी रिपोर्टमध्ये ईजीएफआर नावाची ओळ शोधावी. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेला हा आकडा दर मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळला जातो याचा अंदाज देतो. क्रिएटिनिन १.२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असलेल्या २५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सीकेडी-ईपीआय या २०२१ च्या सूत्राने सुमारे ८६ येतो, तर तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या ७० वर्षांच्या स्त्रीचा सुमारे ४९. रक्तातला आकडा एकच असूनही पहिल्याच्या बाबतीत सहसा काळजीचे कारण नसते आणि दुसरीच्या बाबतीत पुढील तपासणी आवश्यक ठरते.

ईजीएफआर ६० च्या खाली आला म्हणून लगेच हबकून जाऊ नये. तो तीन महिने किंवा अधिक काळ तसाच राहिला, तर दीर्घकालीन विकार मानतात. उलट ६० च्या वरचा आकडाही निर्धास्त करणारा असतोच असे नाही, आणि येथेच लघवीची तपासणी महत्त्वाची ठरते. गाळणीची भिंत झिजू लागली की अल्ब्युमिन झिरपू लागते, आणि ते पुष्कळदा ईजीएफआर घसरण्याच्या बरेच आधी दिसते. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ही तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावीच, असे मी आग्रहाने सांगेन. कारण या अवस्थेत दुखत-खुपत काहीच नसते आणि उपचारांचा उपयोग मात्र सर्वाधिक होतो.

नमुना देण्यापूर्वी थोडी काळजी घ्यावी. लघवीसाठी सकाळचा पहिला नमुना उत्तम. आदल्या दिवशी कष्टाचा व्यायाम केल्यास किंवा ताप असल्यास अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. रक्ततपासणीआधी भरपूर मांस खाल्ले किंवा क्रिएटिनची (व्यायाम करणारे घेतात त्या पूरकाची) पावडर घेतली, तर क्रिएटिनिन वाढलेले दिसते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही चढू शकतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके गुच्छात रक्त आणणारी धमनिका आकुंचित करू शकतात, त्यामुळे आतील दाब उतरतो आणि गाळण मंदावते. अशी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या सुरू केल्यावर मात्र क्रिएटिनिन किंचित वाढणे अपेक्षितच असते, म्हणून त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

शेवटी नवा रिपोर्ट जुन्या रिपोर्टांशेजारी ठेवून पाहावा. पन्नाशीतील स्त्रीचे क्रिएटिनिन ०.६ वरून १.१ वर गेले, तर पुष्कळ प्रयोगशाळांच्या छापील मर्यादेत दोन्ही आकडे बसतात. प्रत्यक्षात मात्र तिचा ईजीएफआर सुमारे १०९ वरून ६१ वर आलेला असतो. असा फरक दिसला, तर दोन्ही कागद घेऊनच डॉक्टरांकडे जावे. लघवी एकाएकी फार कमी झाली, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली किंवा लघवी लालसर दिसली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.