ब्लॅक कोड्सवर लिहिताय? मग या चुका टाळा

ओळखीतल्यांचे इतिहासावरचे लेख छापायच्या आधी मी वाचून देतो, आणि विषय १८६५ नंतरच्या अमेरिकेचा असला की तेच तेच घोळ, म्हणून एकदाच लिहून टाकतो. ब्लॅक कोड्स म्हणजे गुलामगिरी संपल्यावर तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी नुकत्याच मोकळ्या झालेल्या काळ्या माणसांवर लादलेले कायदे.

पहिला घोळ नावातच. 'काळे कायदे' लिहू नका. आपल्याकडे रौलट ॲक्ट हा काळा कायदा, म्हणजे जुलमी. इथे ब्लॅक म्हणजे ते ज्यांच्यावर लादले ती माणसं. जुलमी होतेच ते, पण शब्दाचा अर्थ तो नाही. मी सरळ ब्लॅक कोड्सच ठेवतो.

या कोड्समधल्या व्हेग्रन्सीच्या, म्हणजे कामधंद्याशिवाय असण्याला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याला 'भटक्यांचा कायदा' म्हणणारेही भेटतात. अहो, मिसिसिपी राज्यात त्यात सापडलेला काळा माणूस जन्मभर एकाच गावात राहिलेला असायचा! जानेवारी १८६६ च्या दुसऱ्या सोमवारपर्यंत कामाचा लेखी पुरावा नाही, एवढ्यावर तो व्हेग्रंट. दंड ५० डॉलरपर्यंत, पाच दिवसांत भरला नाही की शेरीफ त्याला कामाला लावून देणार, जो कमीत कमी दिवसांच्या कामावर दंड भरेल त्याच्याकडे.

आता माझीच फजिती. मिसिसिपीचा ॲप्रेंटिस कायदा. ॲप्रेंटिस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आयटीआयचा पोरगा येतो, त्यात कायद्यात लिहिलेलं की पंधराच्या आतल्या मुलाला लिहायवाचायला शिकवा, आजारी पडलं तर औषधपाणी करा, मग काय, मी तो एका लेखात 'अनाथांसाठीच्या सोयी' म्हणून घातला आणि खूशही झालो. लेख वाचणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी एवढंच विचारलं, "मुलं ठेवून घ्यायचा पहिला हक्क कुणाला रे?" परत उघडून बघितलं तर आधीच्या मालकाला! नुसती अनाथच नव्हे, आईबाप पोसू शकत नाहीत असं कोर्टाला वाटलं तर तीही मुलं, मुलगा २१ चा आणि मुलगी १८ ची होईपर्यंत, आणि पळाली तर धरून आणायची. लेख छापून झालेला होता.

तेव्हापासून माझी सवय, कलम पहिल्या ओळीवर सोडायचं नाही, "आणि नाही ऐकलं तर?" याचं उत्तर सापडेपर्यंत वाचायचं. कंटाळवाणं आहे. पण तीन मिनिटांचा व्हिडिओ बघून लेख पाडणाऱ्यांना मी आता तपासून देत नाही.

बाकीच्या पटापट. जिम क्रो, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना सक्तीने वेगळं ठेवणारे कायदे, ते वेगळं, ते नंतरचं. सगळ्या राज्यांचे कोड एकसारखे नव्हते, साउथ कॅरोलायनात शेती किंवा नोकर म्हणून काम सोडून दुसरा धंदा करायचा तर लायसन्स, दुकानाला वर्षाला १०० डॉलर. गुलामगिरी बंद करणाऱ्या अमेरिकी घटनेच्या तेराव्या दुरुस्तीतला 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर चालेल' हा अपवाद गाळू नका.

आणि 'गुलामगिरी'. जोतीरावांनी १८७३ ला पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं, म्हणून "त्यांना तिकडची खरी परिस्थिती कळलीच नाही" असं झोकात लिहिणारे आहेत. तोवर हे कोड बहुतेक रद्द झालेले, आणि त्याच मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा काळा माणूस १८७० ला सिनेटमध्ये बसला होता. तारखा तरी बघा.