नॉमिनेशन मागण्याआधी फाईलीत काय हवं

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हॉटेलांच्या किचनमध्ये राबणारी आपली मुलं हल्ली ऑस्ट्रेलियाच्या ४९१ व्हिसाचा, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या तात्पुरत्या प्रादेशिक व्हिसाचा, विषय काढतात. तिथल्या राज्य सरकारचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, ही नोकरी नव्हे आणि व्हिसाही नव्हे, हे आधी घरच्यांनाही सांगून ठेवा. व्हिसासाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांत त्याने ४९१ला १५ गुण वाढतात, १९०ला (राज्याच्या नॉमिनेशनवरचा कायमचा व्हिसा) ५. किमान ६५ गुण लागतात आणि शेवटचा निर्णय तिथल्या केंद्र सरकारचा असतो.

सर्वात आधी अनुभवाचे कागद गोळा करा, कारण गोव्यातली फाईल बहुतेकदा इथेच अडते. सीझनला काम आणि पावसात घरी, असं असेल तर घरी बसलेले महिने अनुभवात धरत नाहीत. आठवड्याला किमान २० तासांचं पगारी काम लागतं. ‘मुलगा कष्टाळू आहे’ एवढंच लिहिलेलं मालकाचं पत्र घेऊन काही होत नाही. लेटरहेडवर पद, नेमकं काम, तास, पगार, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी. जोडीला पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचा उतारा. पगार रोखीत घेत असाल तर आजपासून खात्यात मागा. मागचं सिद्ध करणं फार कठीण जातं. बोटीवर असलेल्यांनी प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट आणि सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोंदवहीतल्या) नोंदी जपाव्यात.

मग कौशल्याची तपासणी. ती तिथल्या ठरलेल्या संस्था करतात: कुक, मेकॅनिक यांच्यासारख्या कारागिरांसाठी टीआरए, नर्सेससाठी एएनमॅक, इंजिनियरांसाठी इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया. इंग्रजीची परीक्षा नुसती पास होऊन थांबू नका: प्रोफिशियंट (चांगल्या) पातळीला १० गुण, सुपीरियरला (त्याहून वरच्या) २०. वयाचे गुण ३३व्या वाढदिवसाला ३०वरून २५वर येतात, चाळिशीला १५वर, आणि ४५ पूर्ण झाल्यावर व्हिसाच्या अर्जाचं आमंत्रणच मिळत नाही.

नावांचा घोळ आपल्याकडे जुनाच. दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेत दुसरं, पासपोर्टवर तिसरं. हे सगळं अर्ज करण्याआधी जुळवून घ्या. मराठी शाळेचा दाखला जोडणार असाल तर इंग्रजी भाषांतर लागेल. लग्न देवळात झालं तरी नोंदणीच्या दोन्ही सह्या झाल्यात ना, बघा. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्म नोंदवायचा विचार घरात चालू असेल तर कुठल्या पासपोर्टवर अर्ज करायचा, ते आधी ठरवा.

पोलीस दाखला गेल्या १० वर्षांत १२ महिने राहिलेल्या प्रत्येक देशाचा लागतो, म्हणजे आखातातलाही. तो फार लवकर काढू नका.

स्किलसिलेक्ट या तिथल्या सरकारी वेबसाइटवरचा ईओआय, म्हणजे व्हिसात रस असल्याचं कळवणारा प्राथमिक अर्ज, फुकट असतो, दोन वर्षं टिकतो. नॉमिनेशनसाठी राज्याच्या अटी वेगळ्या असतात. तिथलं सरकारी वर्ष जुलैत सुरू होतं आणि याद्या बदलतात. ईओआयमध्ये सिद्ध करता येतील तेवढेच गुण भरा, कारण आमंत्रणानंतर ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. ४९१वर सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं, पर्थ-अॅडलेड चालतं; तीन वर्षांनी उत्पन्नाचे कागद दाखवून १९१ व्हिसा, म्हणजे पीआर (कायमच्या वास्तव्याचा हक्क), मागता येतो.

एजंट घ्यायचाच असेल तर त्याचा ऑस्ट्रेलियातला नोंदणी क्रमांक मागा आणि तिथल्या सरकारी यादीत स्वतः तपासा. ‘नॉमिनेशन हमखास काढून देतो’ म्हणणाऱ्याला मूळ कागद हातात देऊ नका.