स्वारगेटची मुलं मोजताना

रस्त्यावरच्या मुलांच्या मोजणीला पहिल्यांदाच जाणार असाल, तर आधी सगळ्यांनी बसून ठरवा: मोजायचं कुणाला? सिग्नलवर फुगे विकून रात्री वस्तीत परतणारं मूल, आईबापांसोबत फुटपाथवरच राहणारं मूल, घर सोडून पुणे स्टेशनवर एकटं झोपणारं मूल. तिघंही रस्त्यावरचीच, पण तिघांचे रकाने वेगळे हवेत. आमचं हे ठरलंच नव्हतं. स्वारगेटचा एकच कोपरा दोघांनी मोजला; एकाने ११ लिहिले, दुसऱ्याने ४. चूक दोघांचीही नव्हती.

एका रात्रीच्या मोजणीवर विसंबू नका. २०११च्या जनगणनेत बेघरांची नोंद २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. अशा मोजणीत आडोशाला झोपलेलं, पोलिसाची चाहूल लागताच पळणारं पोर हमखास सुटतं. म्हणून दोन फेऱ्या करायच्या. ही पद्धत मूळची मासे मोजणाऱ्यांची: पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकून त्यात खुणेचे किती ते पाहायचे. समजा, पहिल्या फेरीत ८० मुलं भेटली, आठवड्याने ६०, आणि त्यांतली २४ आधी भेटलेली. म्हणजे ६० पैकी २४, ४० टक्के ओळखीची; तर पहिली ८० हीही एकूण मुलांच्या ४० टक्केच धरायची. एकूण अंदाज: ८० गुणिले ६० भागिले २४, म्हणजे २००. आपल्याला दोन्ही फेऱ्यांत मिळून भेटली ११६. उरलेली ८४ दिसलीच नाहीत. या ८४ साठीच सगळा खटाटोप.

सगळी मदार त्या २४ वर असते. आम्ही मनगटाला रंगीत दोरा बांधला. मुलांनी तो तोडला, एकमेकांना देऊन टाकला. ओळख पटली नाही की २४ चे १६ होतात आणि अंदाज थेट ३०० वर जातो. उलट पहिल्या फेरीत बिस्किटं वाटलीत, तर तीच मुलं धावत येतात आणि अंदाज घसरतो. म्हणून खाऊ वाटू नका, दोऱ्यावर भिस्त ठेवू नका. टोपणनाव, अंदाजे वय, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, सोबतीला कोण असतं, एवढं वहीत लिहा. फोटो मात्र अजिबात नको.

दोन फेऱ्यांच्या मधे पालखीचा मुक्काम किंवा गणपती येऊ देऊ नका. त्या दिवसांत विक्रीसाठी बाहेरगावची कुटुंबं मुलांसह येतात आणि गणित कोलमडतं.

मोजताना एखादं मूल आजारी किंवा घाबरलेलं दिसलं, तर वही मिटा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि कुणी येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. त्या रात्रीची फेरी अर्धवट राहिली तरी चालेल.