फोटोतलं रॉकेट लाँचर ओळखायचं कसं?

रॉकेट लाँचरचा फोटो दिसला की नजर आधी ट्रकवर जाते आणि बहुतेकदा चूक तिथेच होते, कारण ट्रक बदलता येतो. ग्रॅड हे रशियन लाँचर मुळात तिथल्याच उराल ट्रकवर आलं, पण भारतीय तोफखान्याने ते अशोक लेलँडच्या स्टॅलियनवरही चढवलं. म्हणून आधी नळ्या मोजा, मग त्यांच्यामधली फट बघा, चाकं शेवटी. नळ्यांऐवजी नुसत्या पट्ट्या असतील तर ते दुसऱ्या महायुद्धातलं कात्युशा.

ग्रॅडच्या 122 मिमीच्या 40 नळ्या असतात. दहा-दहाच्या चार ओळी, सगळ्या सलग. एक आडवी ओळ आणि एक उभी ओळ मोजून गुणाकार केला की झालं. बाजूने काढलेल्या फोटोत हे जमत नाही, तिथे उभ्या चारच दिसतात. शिवाय 40 आल्या म्हणजे रशियन ग्रॅडच असंही नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या आरएम-70 वरही तेवढ्याच नळ्या आहेत. फक्त तिथे केबिन आणि नळ्या यांच्यामध्ये आणखी 40 रॉकेटांचा साठा असतो.

खरा घोळ 12 नळ्यांचा. भारतीय पिनाका आणि रशियन स्मर्च दोन्हींच्या 12, आणि भारतात दोन्ही टाट्रा ट्रकवर. इथे फट कामाला येते. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केलेल्या 214 मिमी पिनाकाच्या नळ्या सहा-सहाच्या दोन चौकोनी पेट्यांत असतात. 300 मिमी स्मर्चला वर चार नळ्यांची ओळ, खाली दोन्ही बाजूंना चार-चारचे गठ्ठे आणि मध्ये मोकळी जागा. तोंडावर झाकणं असली तरी ही मांडणी लपत नाही. बाजूने बघताना लांबी बघा: पिनाकाचं रॉकेट सुमारे 5 मीटर, स्मर्चचं 7.6 मीटर. एवढ्यावरही शंका उरली तर एका बाजूची चाकं मोजा. पिनाकाला चार, भारतीय स्मर्चला पाच.

दोन पेट्या, 12 नळ्या, पण खाली रणगाड्यासारखे पट्टे? ते अमेरिकन एम270. एकच पेटी आणि एका बाजूला तीन चाकं असली तर तेही अमेरिकन, हायमार्स.

पेट्यांशेजारी क्रेन दिसली तर घाई नको. ती बहुधा रॉकेटं भरून देणारी गाडी असते. पिनाकाची रिकामी पेटी अख्खी उचलून बदलतात, त्यामुळे त्या गाडीवरही तशाच पेट्या लादलेल्या असतात.

व्हिडिओ असेल तर काम सोपं. ग्रॅड 40 रॉकेटं 20 सेकंदांत सोडतं, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. पिनाकाला 12 साठी 44 सेकंद लागतात, स्मर्चला 38. या दोघांतला फरक कानाने ठरवू नका. व्हिडिओ कापलेला असला की हिशोब फसतो.

खांद्यावरच्या नळीत आधी पुढचं टोक बघा. जाड स्फोटक शीर्ष नळीबाहेर आलेलं असेल तर आरपीजी-7. सगळं आत आणि मागे नरसाळ्यासारखं तोंड असेल तर कार्ल गुस्ताफ. आपल्या सैन्यात त्याला सर्रास 84 मिमी रॉकेट लाँचर म्हणतात, पण ती खरं तर धक्का न देणारी तोफ आहे: नळीत आतून आटे असतात आणि गोळा नळीतच दारूच्या दाबाने सुटतो. तो दाब मागच्या नरसाळ्यातून बाहेर पडतो, म्हणून सराव करणाऱ्यांच्या फोटोत नळीच्या मागे माणूस दिसत नाही.