एव्हीच्या कामात पॉवर केबल आणि कनेक्टर: या चुका टाळा

लोअर परळच्या एका ऑफिसात बोर्डरूमचं एव्हीचं, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओचं, काम देऊन चार महिने झाले असतील. तिथल्या अ‍ॅडमिनच्या मॅडमचा फोन आला, "रॅकजवळ सुक्या मासळीसारखा वास येतोय. कुणाचा डबा राहिला असेल म्हणून आम्ही सगळी कपाटं शोधली." मी जाऊन रॅकचं मागचं दार उघडलं. अ‍ॅम्प्लिफायरला लावलेल्या काळ्या कॉर्डचं तोंड एका बाजूनं तपकिरी पडलं होतं. मेन बंद करून कॉर्ड ओढली, तर ती लोण्यातून निघावी तशी सहज हातात आली. आतली क्लिप सैल झाली होती. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि प्लास्टिक करपायला लागलं की असा मासळीचा वास सुटतो. असा वास आला तर डबा शोधत बसू नका, आधी मेन बंद करा.

त्या कामात अ‍ॅम्प्लिफायर, स्क्रीन, माइक यांच्यावर महिनाभर बैठका झाल्या होत्या. कॉर्ड मात्र शेवटच्या रात्री खोक्यात हाताला लागली ती लावली. चूक आमची होती. तेव्हापासून कुठल्या यंत्राला कुठली केबल, किती लांब, कुठला प्लग, कुठल्या एमसीबीवरून (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), हे सगळं ड्रॉइंगवर आधी येतं. पॉवरचा कागद तयार नसेल तर मी स्क्रीनची जागाही पक्की करत नाही. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका तो कागद नसल्यामुळेच होतात.

‘बसतंय ना, मग लाव’

कॉर्डचं तोंड यंत्रात बसलं म्हणजे काम झालं, ही सर्वांत जुनी समजूत. संगणकाला असते ती सी१३ कॉर्ड १० अँपिअरची. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि यूपीएसला लागणारी चौकोनी तोंडाची सी१९ कॉर्ड १६ अँपिअरची. आठच्या आकड्यासारखी दिसणारी सी७ फक्त अडीच अँपिअरची, आणि तिला अर्थिंगच नसतं. पण तोंड १० अँपिअरचं म्हणून अख्खी कॉर्ड १० ची ठरत नाही. दुसऱ्या टोकाला आपला ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग असेल तर हिशेब ६ वरच थांबतो.

इथेच पुढची चूक होते. भिंतीत ६/१६ चं कॉम्बिनेशन सॉकेट असतं आणि त्याच्यामागे २० अँपिअरची एमसीबी. बारीक, ०.७५ चौरस मिमीच्या कॉर्डवर कुणी रॅकची पॉवर स्ट्रिप लावली आणि १२ अँपिअर ओढले, तर एमसीबी हलतही नाही. कॉर्ड मात्र तापत राहते. एमसीबी भिंतीतल्या वायरच्या मापानं बसवलेली असते, तुमच्या कॉर्डच्या नाही. रॅकला १६ चा प्लग आणि अडीच चौरस मिमीची कॉर्ड द्या.

परदेशातून आलेल्या यंत्राबरोबर चपट्या पिनांची कॉर्ड येते. यंत्रावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून कॉर्डही चालेल असं धरून कुणीतरी युनिव्हर्सल कन्व्हर्टर खुपसतो. तो प्लग १२५ व्होल्टचा असतो. शिवाय स्वस्त कन्व्हर्टरमध्ये अर्थची पिन नुसती शोभेला असते. ती कॉर्ड बाजूला ठेवा आणि भारतीय मानक आयएस १२९३ चा प्लग असलेली घ्या.

गोल, फिरवून लॉक होणाऱ्या पॉवरकॉन कनेक्टरबद्दलही गोंधळ असतो. जुन्या पद्धतीचा निळा पॉवर आत घेण्याचा, करडा पुढे देण्याचा. तो २० अँपिअर वाहतो, पण चालू लोडवर लावायचा-काढायचा नाही. पॉवरकॉन ट्रू१ हा १६ अँपिअरचा, तो लोडवर काढता येतो. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, त्यामुळे भाड्याच्या सामानात दोन्ही आले तर जंपर (एका यंत्रातून पुढच्यात जाणारी छोटी केबल) आधी मोजून घ्या. आणि स्पीकॉनमधून, म्हणजे स्पीकरच्या तसल्याच गोल कनेक्टरमधून, मेन पॉवर कधीही नेऊ नका, ‘तात्पुरती’ सुद्धा नाही. पुढचा माणूस त्याला स्पीकरच समजणार.

मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला कॉर्ड घेताना खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. पितळेच्या पिना चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटल्या तर त्या मुलामा दिलेल्या लोखंडाच्या आहेत. वायरवर आयएस ६९४ आणि मापाचा छाप पाहा, मग टोक सोलून तारा मोजा. अडीचच्या लवचीक वायरमध्ये पाव मिमीच्या साधारण ५० तारा असतात. एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचं नुसतं पाणी चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

भार कुठला धरायचा

एलईडी वॉलच्या, म्हणजे पॅनेल जोडून केलेल्या मोठ्या स्क्रीनच्या, पत्रकात दोन आकडे असतात, सरासरी आणि कमाल. सरासरी बरेचदा कमालच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. कोटेशन छोटं दिसावं म्हणून सरासरी धरली जाते. मग उद्घाटनाच्या दिवशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर लोगो येतो आणि अर्धी भिंत काळी पडते.

हिशेब अवघड नाही. १६ अँपिअर गुणिले २३० म्हणजे ३६८० वॅट. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे साधारण २९०० वॅट. एका कॅबिनेटचा (वॉलच्या एका पॅनेलचा) कमाल भार १८० वॅट असेल तर एका लाइनवर १६ कॅबिनेट, सतरावं नाही. कॅबिनेट एकातून एक जोडत जाताना पहिल्या केबलमधून सगळ्यांचा करंट वाहतो. शेवटच्या जंपरला दीडची केबल चालेल, पहिलीला अडीचचीच हवी.

अ‍ॅम्प्लिफायरचं उलटं. ‘२ गुणिले १००० वॅट’ हा स्पीकरला दिलेला आकडा असतो, भिंतीतून ओढलेला नव्हे. कंपनीच्या पत्रकात एक-अष्टमांश पॉवरवरचा करंट दिलेला असतो. संगीत आणि भाषणासाठी तो धरा.

लांबी

डीबीपासून (एमसीबींच्या डब्यापासून) स्टेजपर्यंत ४० मीटर आणि भार १० अँपिअर असेल, तर दीडच्या लवचीक केबलमध्ये साधारण साडेदहा व्होल्ट वाटेतच गळतात. अडीचमध्ये साडेसहाच्या आत, चारमध्ये चार. तापलेल्या वायरमध्ये आणखी थोडे. लांबी पायानं मोजू नका. ट्रे वर चढतो, वळतो, खाली उतरतो. ड्रमवरची केबल वापरत असाल तर ती पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या केबलला उष्णता टाकायला जागाच नसते.

निळी वायर, काळी वायर

ही चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. एका प्रदर्शनात थ्री-फेजचा बॉक्स भाड्यानं आला होता. त्याची पाच कोअरची केबल युरोपच्या रंगांची: तपकिरी, काळी, करडी, निळी आणि हिरवी-पिवळी. त्या पद्धतीत निळी म्हणजे न्यूट्रल. आपल्या वायरमनच्या डोक्यात लाल, पिवळी, निळी हे तीन फेज आणि काळी न्यूट्रल. त्यानं निळीला बी फेजवर घेतलं आणि काळीला न्यूट्रलवर. त्याच्या सवयीनं ते बरोबरच होतं. पण बॉक्सच्या आत न्यूट्रलच्या पट्टीवर फेज आला आणि दोन फेजच्या आउटलेटना ४०० व्होल्ट मिळाले. तिथला प्रोसेसर आणि दोन पॉवर सप्लाय जागीच गेले. माणूस वाचला, ते महत्त्वाचं.

तेव्हापासून आमच्याकडे केबलच्या दोन्ही टोकांना स्लीव्हवर आर, वाय, बी, एन लिहिलेलं असतं. रंगावर कुणी विसंबत नाही.

न्यूट्रलचीच दुसरी गोष्ट. बाजारात साडेतीन कोअरची केबल सर्रास मिळते, तिच्यातला न्यूट्रल फेजच्या निम्म्या मापाचा. मोटारींना ठीक. एलईडी वॉल, एसएमपीएस (यंत्रातले स्विचिंग पॉवर सप्लाय) आणि डिमर यांचे तिसरे हार्मोनिक, म्हणजे मेनच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचे करंट, मात्र तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये बेरीज होतात. तिन्ही फेजवर सारखा भार असला तरी न्यूट्रल तापतो. इथे पूर्ण चार कोअरच घ्या, शिवाय अर्थ वेगळा. तो बारीक न्यूट्रल कुठे तुटला, तर फेजचा भार एकमेकांवर येतो आणि हलक्या भाराच्या फेजवरची यंत्रं जळतात.

‘घूं’ आवाज आणि तोडलेली पिन

दादरच्या एका सभागृहात स्पीकरमधून सतत घूं येत होतं. मागच्या भिंतीवरचा प्रोजेक्टर एका डीबीवर, स्टेजचा मिक्सर दुसऱ्या. दोन अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक आणि सिग्नल केबलच्या जाळीतून वाहणारा करंट, एवढाच तो ५० हर्ट्झचा आवाज. आमच्या आधी आलेल्या माणसानं मिक्सरच्या प्लगची मोठी पिन तोडली होती. आवाज गेला होता. पण अर्थ नसलेल्या यंत्राच्या धातूच्या अंगावर पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून अर्ध्या मेनइतकं व्होल्टेज तरंगतं. गाणाऱ्या ताईंना माइकला ओठ लागले की झिणझिणत होतं. त्यांनी ते सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. फिल्टरऐवजी फेज अंगाला लागला असता तर सांगायला त्या उरल्या नसत्या.

प्लगची अर्थ पिन कुठल्याही कारणानं तोडू नका. घूं आवाजाचा इलाज सिग्नलच्या बाजूला आहे: सगळा ऑडिओ एकाच डीबीवरून, एकाच फेजवर, एकाच अर्थवर घ्या, बॅलन्स्ड केबल (दोन सिग्नल तारा आणि वर जाळी) वापरा, प्रोजेक्टर किंवा लॅपटॉपच्या ऑडिओत ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर घाला. पॉवर आणि माइकच्या केबल एकाच पट्टीतून नेऊ नका. फूटभर अंतर ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

आरसीसीबी (अर्थला करंट गळला की मेन तोडणारा स्विच) वारंवार पडते म्हणून ती काढून टाकणं हीसुद्धा याच जातीची चूक. प्रत्येक एसएमपीएस थोडा करंट अर्थला सोडतो. १० पॅनेल प्रत्येकी २ मिलीअँपिअर म्हणजे २०, आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकते. पॅनेल दोन-तीन आरसीसीबींवर वाटा.

सीलिंगच्या वर आणि समुद्राच्या बाजूला

प्रोजेक्टरसाठी फॉल्स सीलिंगच्या वर टाकलेला एक्स्टेन्शन बोर्ड मी मुंबईत इतक्या ऑफिसांत पाहिलाय की मोजणं सोडलं. तिथे धूळ, उंदीर आणि एसीच्या पाइपचं पाणी, आणि जोड तापला तर दिसणार कुणाला? सीलिंगच्या स्लॅबला पक्कं सॉकेट बसवून घ्या, कंड्युटमधून, लायसन्सधारक ठेकेदाराकडून. गर्दीच्या जागी वायर एफआरएलएस (आग न पसरवणारी, कमी धुराची) किंवा हॅलोजन नसलेली घ्या. साध्या पीव्हीसीच्या धुरातून माणसाला दार सापडत नाही.

वरळी किंवा नरिमन पॉइंटला बाहेरच्या स्क्रीनसाठी आयपी६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव) कनेक्टर घेतलात तर लक्षात ठेवा, तो आकडा जोडलेल्या अवस्थेतला आहे. रिकाम्या तोंडाला झाकण हवंच. केबलला कनेक्टरच्या खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळेल.

काम सोपवण्याआधी

यंत्र लावण्याआधी प्रत्येक सॉकेटवर मल्टीमीटर लावा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. शेवटचा आकडा यंत्रं लावल्यावर पुन्हा घ्या. भार असताना तो सतत दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर सैल जोड शोधा. भार असूनही अगदी शून्य असेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थ कुणी जोडलेत का, ते उघडून बघा. मग स्क्रीन पूर्ण पांढरी ठेवून तासभर चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं प्रत्येक प्लग तपासा. शेजारच्यापेक्षा जास्त तापलेला एखादा प्लग दिसतोच.

तारांच्या टोकाला झाळ लावून स्क्रूखाली दाबू नका, थिंबल (धातूचं टोपण) क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा. झाळ दाबाखाली हळूहळू बसते आणि स्क्रू सैल होतो. आम्ही महिनाभरानं मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळून येतो. दर वेळी दोन-चार तरी पाव फेरा फिरतात.