दोन लांबच्या शहरांमधलं अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ कसा काढावा

तिकीट काढण्याआधी विमानात नेमके किती तास जातील याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. उदाहरणाला टोकियो ते लॉस एंजेलिस घेऊ.

१. विमानतळ ठरवा. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन मोठे विमानतळ आहेत. हवाई अंतरात फारसा फरक नाही, पण नारिता शहरापासून बराच लांब असल्याने पुढचा वेळ वाढतो.

२. अंतर मोजा, पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नाही. पृथ्वीगोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणा. ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी दोरा सरळ पूर्वेला जात नाही. तो उत्तरेकडे सरकतो आणि पॅसिफिकच्या मध्यावर ४८ अंशांपर्यंत चढतो. सगळ्यात जवळची वाट तीच, सुमारे ८,८०० किलोमीटर. अक्षांश धरून गेलं तर ९,३०० भरतात. आता तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवा आणि किती अंश व्यापतो ते बघा. दर अंशाला १११ किलोमीटर धरायचे. गोल नसेल तर गूगल अर्थमधली मोजपट्टी वापरा.

३. अंतराला ९०० ने भागा, कारण लांब पल्ल्याची जेट विमानं ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातात. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. सव्वादहा तास झाले.

४. वारा धरा. बहुतेकजण हेच विसरतात. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो आणि हिवाळ्यात, विशेषतः जपानवर, तो फार जोरात असतो. म्हणून जाताना दहा तासांच्या आसपास लागतात, तर परतताना साडेअकरा-बारा. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा वेळही धरलेला असतो.

५. सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून थेट वजा करू नका. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर समान धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत आणा. जपान यूटीसीच्या ९ तास पुढे आहे, तेव्हा टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालात, म्हणजे यूटीसी सकाळचे ८. त्यात १० तास मिळवले की १८:००. हिवाळ्यात लॉस एंजेलिस यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे १०, आणि तारीखही तीच! उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, जपानमध्ये तसं करत नाहीत. त्यामुळे फरक १७ तासांऐवजी १६ धरा.

६. वाटेतलं आकाश खुलं आहे का ते बघा. २०२२ पासून अनेक कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. लंडन–टोकियोसारख्या मार्गावर त्यामुळे दोनेक तास वाढले, दोन शहरांमधलं अंतर तेवढंच असूनही. अशा मार्गासाठी गणितावर थांबू नका. फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर त्याच मार्गाची गेल्या आठवड्यातली उड्डाणं बघा, जातानाची वेगळी आणि येतानाची वेगळी.